तिच्या हाताची गाडी

आमच्या अंगणात एक स्कूटर उभी असते. मागच्या उन्हाळ्यात दुपारच्या वेळी ती आपणहून चाक फिरवायची.

स्टँडवर असायची, मागचं चाक जमिनीपासून बोटभर वर. चाबी लावलेली, पण सीटवर कोणी नाही आणि मूठ कोणी धरलेली नाही. ऊन अंगणात पुरतं उतरलं की चाक आधी नुसतं शहारायचं, मग सुटायचं. बटण बंद केल्यावर छताचा पंखा शेवटच्या गिरक्या घेतो ना, तेवढ्याच चालीनं. आवाज अजिबात नाही. दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांची सावली चाकावर पडायची, तेव्हा कुठं कळायचं की ते फिरून राहिलं आहे.

शेजारच्या छत्तीसगढी म्हातारीनं एकदा भिंतीवरून पाहिलं. पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, "डोकरी दाई आ गे हे, बबा."

म्हणजे म्हातारी आली आहे. माझी म्हातारी. गाडी तिचीच, आणि ती त्या उन्हाळ्याआधीच्या थंडीत गेली होती.

मी चौथी शिकलेला माणूस. पण मोटार या वस्तूच्या बाबतीत मी कोणापुढं मान खाली घातलेली नाही. रायपूरच्या भनपुरीला, जिथं ट्रकांची रांग संपत नाही त्या रस्त्यावर, माझं वाइंडिंगचं दुकान आहे. जवळच्या उरला भागातल्या लोखंडाच्या रोलिंग मिलांतून म्हशीएवढ्या जळक्या मोटरी यायच्या, त्या उघडून मी नवीन तांबं भरून द्यायचो. मोटार जळाली की मालक म्हणे, नजर लागली. मी म्हणे, बेअरिंग जाम होतं, तेल कोणी घातलं नाही, नजरेला काहून बदनाम करता? भूतबीत मी मानलं नाही. शेजारच्या म्हातारीलाही भिंतीवरूनच सांगितलं, "दाई नाही आली, ऊन आलं. मुठीतला सेन्सर तापला, दुसरं काही नाही."

ते खरं होतं. तेवढं बोललो आणि चाबी मात्र तशीच राहू दिली.

ज्यांनी बिजलीची स्कूटर उघडून पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. बॅटरी म्हणजे पोट. चाकातली मोटार म्हणजे पाय. आणि सीटखाली ॲल्युमिनियमची एक डबी असते, पाठीवर पात्या असलेली, ते कंट्रोलर. पोट्टे त्याला गाडीचा दिमाग म्हणतात. मी मनगट म्हणतो. तुम्ही मूठ किती पिळली हे पाहून पोटातून किती घ्यायचं आणि पायाला ते झटक्यानं द्यायचं की सबुरीनं, हे ती डबी ठरवते.

दुकानात नव्या पोट्ट्यांची आता वाइंडिंगपेक्षा याच कामाला जास्त गर्दी. जोरदार गाड्या पाहिजेत सगळ्यांना. येतात आणि पहिलाच प्रश्न, "काका, सबसे बड़ा कौन सा है?" लग्नात डीजे ठरवतात तसे कंट्रोलर ठरवतात. मी आधी त्यांची गाडी दोन माणसं बसवून पुलावर चढवायला लावतो, परत आली की मोटारीला हाताची उलटी बाजू लावून पाहतो, पोराचा ताप पाहतात तशी. तार किती सोसते ते तिथं कळतं. मग बॅटरीकडं पाहायचं, जोर मागितल्यावर ती किती दबते. या दोघींच्या ताकदीचा हिशेब घेऊन कंट्रोलर जरा मोठाच घ्यायचा आणि त्याच्याकडून कमी मागायचं. मोठा असून कमी मागितलं की तो थंड राहतो. लहान घेऊन पुरता पिळला की मे महिन्यात पहिल्याच चढावर धूर. हे मी सांगतो तेव्हा पोट्टे मोबाइलमध्ये पाहून मान हलवतात आणि बाजूच्या दुकानातून सगळ्यात मोठा घेऊन येतात. मग जळका घेऊन माझ्याकडंच येतात. मी नुसता पाहतो. तेवढं पुरतं.

पण निवडणं झालं अर्धं काम. दुसरं अर्धं म्हणजे हात घेणं. हा शब्द माझ्या दुकानातला.

ज्याची गाडी त्याला सीटवर बसवायचं, मागचं चाक उचलून ठेवायचं. त्याच्या मुठीवर मी माझा पंजा ठेवतो आणि डोळे मिटतो. तो पिळेल तसा हात माझ्या हातात येतो. कोणी हळूच सुरू करून शेवटी ओढतो, कोणी पहिल्याच घासाला ताट रिकामं करतो. ते समजलं की मी सांगायचं आणि माझ्या नातीनं मोबाइलवर ते आकडे भरायचे. ॲप सगळं इंग्रजीत, ते माझं काम नाही. "सुरुवात नरम कर. मधे उचल. आता खाली आण." ती करते. आमचं दोघांचं असं जमलेलं होतं.

यात एक अडचण आहे. माणसाला पिळ म्हटलं की तो फोटोला बसल्यासारखा पिळतो. खोटा हात देतो. म्हणून मी भांडण काढतो. "हा रंग कोण्या आंधळ्यानं पसंत केला?" "चोरीची आहे काय गाडी?" माणूस तापला की मुठीचं भान सुटतं आणि खरा हात येतो. आमच्या पाऱ्यातले, म्हणजे मोहल्ल्यातले, एक वकील तर एवढे तापले की गाडी सोडून पायीच घरी गेले. संध्याकाळी न्यायला आले तेव्हा गाडी अशी चालली की हसावं की रागवावं त्यांना समजेना.

आणि एक नियम. एका गाडीवर एकच हात. दुसऱ्याच्या हाताची गाडी चालवणं म्हणजे दुसऱ्याचा चष्मा लावून रस्ता ओलांडणं.

बायकोचा हात घेतला तेव्हा भांडण काढावं लागलं नाही. ते तयारच होतं. चिकनगुनियानं तिची बोटं धरली होती. सकाळी तिला ओलं फडकं पिळता येत नव्हतं. तरी दुकानात माझा डबा ती स्वतः आणणार, हा तिचा हट्ट. मी स्कूटरला चांगला दणकट कंट्रोलर लावला, कारण भनपुरीच्या रस्त्यावर दोन ट्रकांच्या मधून वेळेवर निघता आलं पाहिजे. तो पाहून ती म्हणाली, "मले वाघावर बसोता अन् म्हन्ता का हळू चाल."

"पाळलेला वाघ हाय."

"पाळलेली त मी बी हाय. कधी चावली नाही काय तुमाले?"

नात हसता हसता मोबाइल पाडणार होती.

आता यातली मुद्द्याची गोष्ट. मूठ पिळली नाही तरी आतला सेन्सर थोडंसं व्होल्टेज सोडतच असतो, तापला की जरा जास्त. कंट्रोलरला सांगावं लागतं, एवढ्याला गप राहा, याच्या पुढं गेलं तर चालणं समज. दुसऱ्यांच्या गाडीत मी ती मधली जागा ओसरीएवढी ठेवतो. तिच्या गाडीत उंबरठ्याएवढीच ठेवली. बोट नुसतं टेकलं की गाडी निघाली पाहिजे. आणि निघाल्यावर जोर असा चढावा जसं मंद आचेवरचं दूध.

नातीनं तेव्हाच म्हटलं होतं, "आबाजी, ये बहुत कम है. गर्मी में अपने आप चल देगी."

मी म्हटलं, "आजीच्या हाताले पिळा बसत नाही. तिले जेवढा बसते तेवढ्यात चालली पायजे."

शेवटी आवाज. त्या कंट्रोलरमध्ये दोन चाली होत्या. एक जुनी, निघताना घर्रर्र करणारी. दुसरी मुकी. मी मुकी लावली. अख्ख्या भनपुरीत तशी गुळगुळीत निघणारी गाडी दुसरी नव्हती, आणि ते लोकांना दिसलं पाहिजे असं मला वाटे.

त्याचा परिणाम असा झाला की ती कधी आली ते कळेना. वाइंडिंगला बसलं की माणसाचं डोकं मोटारीच्या पोटात असतं. बाहेर ट्रकांचा गलका. आणि एकदम कानापाशी, "जेवता का तारच खाता?"

मी दचकायचो. "भुतावानी येतं तू!"

"तुमीच त मुकी केली गाडी. आता भोगा."

थंडीतल्या एका दुपारी ती दुकानातच बसली होती डबा उघडून, तेव्हा म्हणाली, छातीत कसंतरी होऊन राहिलं. समोरच्या ट्रान्सपोर्टवाल्यानं त्याच्या गाडीतून दवाखान्यात नेलं. तिथून ती घरी आली नाही.

स्कूटर दुकानापुढंच राहिली. सगळं आटोपल्यावर मी आणायला गेलो. मुलगा म्हणाला, मी आणतो. मी म्हटलं, नाही. माझा हात हातोडीचा. नुसता टेकवला आणि गाडी निघाली. मग मी पुरती पिळली, तरी ती तिच्याच चालीनं चढली. मागून ट्रकवाले हॉर्न देऊन राहिले होते, एक जण खिडकीतून ओरडला, "बाबा, बैलगाड़ी है क्या?" मी काय सांगू त्याला. गाडी मी चालवत नव्हतो. मला कोणीतरी सांभाळून घरी नेऊन राहिलं होतं.

त्यानंतर दुकानात माझी पाठ जड राहू लागली. दुपारी मोटारीत डोकं घातलं की वाटायचं, मागं कोणी उभं आहे. वळून पाहावं तर कोणी नाही. पुन्हा डोकं घालावं, पुन्हा तेच. मी यावर पुष्कळ विचार केला आहे, शिकलेली माणसं करतात त्याच्यापेक्षा कमी नाही. तिची गाडी आवाजाची असती तर सोपं होतं. घर्रर्र झालं नाही म्हणजे ती आली नाही, संपलं. पण मीच तिला आवाजाविना यायला लावलं होतं. आता जिथं जिथं आवाज नाही तिथं तिथं ती येऊन उभी असू शकते.

घरी स्कूटरला रोज दुपारी मी चाबी लावू लागलो. बॅटरी झोपून गेली तर खराब होते असं घरच्यांना सांगितलं, ते खोटंही नाही. पण चाबी मी लावायचो ती डबा घेऊन तिची निघायची वेळ असायची. चैत्राचं ऊन तापलं आणि चाक फिरू लागलं.

सून घाबरली. हँडलला लिंबू-मिरची बांधली. मुलगा सरकारी ऑफिसात, त्याला घरात बोभाटा नको. तो म्हणाला, "बाबा, खराबी आहे तर दुरुस्त करा. नाही तर काढून टाकू."

"खराबी नोहे. सेटिंग हाय."

"कसली सेटिंग?"

"तुही माय चालवे तशी."

तो चप्पल घालून बाहेर गेला.

मग नातीला नवा रायपूरला लॅबमध्ये नोकरी लागली. तेलीबांध्याच्या पुढं तो लांब, सरळ, रिकामा रस्ता. बसची वेळ जमेना. तिनं जेवताना जाहीर केलं, "आजी की गाड़ी मैं लूँगी. आजी ने ख़ुद बोला था."

बोलली होती, हे मलाही माहीत होतं. मी म्हटलं, "ने. पण सेटिंगले हात लावायचा नाही. आजीवानी हलका हात ठेव."

"ठीक है."

एवढंच म्हणाली. मला वाटलं, पोट्टी समजदार आहे. ती रोज गाडी घेऊन जायची, रोज आणायची. सुटीच्या दिवशी चाबी लावली की चाक फिरायचं, आणि मी ओसरीत बसून पाहायचो.

एक दिवस ती अर्ध्या सुटीनं दुपारीच परत आली. हेल्मेट काढून ओट्यावर ठेवलं आणि पाणी प्यायला आत गेली. सुनेनं हेल्मेट उचललं. समोरच्या काचेवर गंजाचा एक ओरखडा होता, बोटाएवढा लांब, बरोबर डोळ्यांच्या जागी.

"हे काय गं?"

नातीनं लपवलं नाही. तेलीबांध्याच्या सिग्नलवर पुढं उरल्याचा ट्रक उभा होता, सळया भरलेला. सळया मागून बाहेर आलेल्या, टोकाला लाल फडकं. रस्ता तिथं जरा उताराचा. ती ब्रेक धरून उभी होती. ब्रेक धरलेला असला की मोटार बंद राहते. स्कार्फ नीट करायला तिनं ब्रेक सोडला, मुठीला हातही नव्हता, पण ती उन्हानं तापलेली, आणि गाडी निघाली. आवाज नाही, धक्का नाही. दूध चढावं तशी. तिला कळलं तेव्हा लाल फडकं तोंडावर आलं होतं. ब्रेक सापडला. सळई काचेला घासून थांबली.

सांगून झाल्यावर ती हात धुवायला गेली. सून हेल्मेट घेऊन माझ्यापुढं उभी राहिली. या घरात आल्यापासून तिनं मला कधी उलट शब्द दिला नव्हता. तेव्हाही आवाज चढवला नाही.

"बाबा," ती म्हणाली, "आईंनी माझ्या पोरीला असं पुढं ढकललं नसतं."

मला राग आला. खरं बोललेलं सहन न होण्याचा माझा स्वभाव जुना आहे. मी नातीलाच जाऊन म्हटलं, "ब्रेक सोडलाच काहून?"

ती टॉवेलला हात पुसत राहिली. मग म्हणाली, "आबाजी, ॲप तो मेरे ही मोबाइल में है. नंबर मैं पहले दिन ही बदल सकती थी."

"मंग काहून नाही बदलला?"

"हाथ तो आप लेते हो न."

त्या दिवशी मी जेवलो नाही. सून दोनदा विचारून गेली. मी अंगणात गाडीपाशी खाट टाकून पडलो. कंट्रोलरला तीन गिअर असतात. मी नातीला हाक मारून विचारलं, पहिल्या गिअरमध्ये आजीचा हात ठेवून दुसऱ्यात तुझा घेता येईल काय? ती म्हणाली, जोर वेगवेगळा ठेवता येतो, पण निघायचा उंबरठा तिन्हीला एकच. मला हे माहीत होतं. मीच तिला शिकवलं होतं. तरी विचारलं.

सकाळी म्हटलं, "बस गाडीवर."

चाक वर होतं. तिनं मूठ धरली, मी पंजा ठेवला, डोळे मिटले. ती हसली. "मुझे पता है, अब आप झगड़ा करोगे."

हीच फजिती. माझी सगळी भांडणं तिनं पाहिलेली. मी तिच्या कापलेल्या केसांवर बोललो, ती हसली. तिच्या हातच्या चहाला पाणी म्हटलं, ती म्हणाली, "तो मत पिया करो." लॅबमध्ये लोकांचं लघवी-रक्त तपासते त्यावर बोललो. "आपका भी तपासूँगी, रुको." हात सगळा खोटा. फोटोचा हात.

मग माझ्या तोंडून निघून गेलं. ते मी योजलं नव्हतं, हात घेण्यासाठी बोललो नव्हतो. "तुले आजीची गाडी पायजे. आजी नको."

माझ्या पंजाखाली मूठ दगडासारखी झाली.

माझी नात मराठी समजते, पण उत्तर हिंदीतून देते. पाऱ्यातले सगळेच पोट्टे तसे. त्या सकाळी ती मराठीत बोलली, अगदी आजीच्या मराठीत.

"मले आजी नको? मले? तुमाले आजी पायजे म्हणून मी रोज त्या गाडीवर जीव मुठीत धरून बसली! सिग्नलवर पाय घासू घासू थांबवली. आईले सांगतलं नाही, तुमाले सांगतलं नाही. तुमी दुकानात मांगं पायता, आबाजी. मले समोर पाहा लागते. अन् म्हन्ता मले आजी नको!"

चाक हवेत वेड्यासारखं फिरत होतं. मुकी गाडी, पण वाऱ्याचाच एवढा आवाज झाला की दोरीवरचे कपडे उडाले. सून धावत बाहेर आली. मी डोळे उघडले नाहीत.

"मिळाला," मी म्हटलं. "हात मिळाला. आता सोड."

ती रडून राहिली होती आणि आकडे वाचून राहिली होती. दोन्ही एकदमच. तिचा हात आजीचा नव्हताच, मला उगीच वाटत होतं तसा. तो माझा होता. जड, आणि सगळं एकदम मागणारा. अशा हाताला काय द्यावं ते मला बरोबर समजलं, कारण मला कोणी गाडी लावून दिली असती तर तशीच लावावी लागली असती. उंबरठा उचलला, चांगली ओसरी केली. सुरुवातीचा जोर दाबला, म्हणजे रागात पिळली तरी गाडी आधी एक श्वास घेईल. पुढं मात्र मोकळी सोडली. नवा रायपूरच्या रस्त्यावर तिला मागं राहायचं कारण नाही. मुठीतला जुना सेन्सर काढून नवा बसवला.

सगळं झाल्यावर तिनं नाक पुसलं आणि विचारलं, "आवाज़ चालू कर दूँ?"

"काहून? फटफटीवानी घुरघुरते ते. कोण लावते आता?"

"पैदल वालों को सुनाई देगा." मग मोबाइलकडंच पाहत, "और आपको पता चलेगा कि मैं आई हूँ."

मी गाडीच्या सीटवरची धूळ पुसली. तिथं धूळ नव्हती. "कर," म्हटलं.

तिनं मोबाइलवर बोट टेकवलं. डबीत काही हललं नाही, टिक्कसुद्धा वाजलं नाही. एवढं काही पुसलं जाताना काहीतरी ऐकू यायला पाहिजे होतं.

पुढच्या सुटीला दुपारी मी सवयीनं चाबी लावली. ऊन अंगणात उतरलं, दोरीवरच्या साडीची सावली चाकावर आली. चाक उभंच. मी खूप वेळ पाहिलं. उन्हानं सीट हात लावू नये एवढी तापली, तरी उभंच.

सून कपडे काढायला आली. कपडे न काढता तीही पाहत राहिली.

"फिरत नाही?"

"नाही. आता नाही फिरणार."

ती पायरीवर बसली. मला वाटलं, सुटलो म्हणेल. ती पदराच्या टोकाशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "सकाळचं काम आटोपलं की मी त्यांना सांगत होते इथं येऊन. आज काय भाजी केली, कोण आलं होतं. चाक फिरलं की वाटायचं, ऐकतात."

"अन् लिंबू कोणी बांधला होता?"

"तो पहिले. भीती वाटायची तेव्हा." तिनं उठून हँडलवरचं वाळकं लिंबू सोडलं आणि तुळशीच्या बुडाशी टाकलं.

आता नात संध्याकाळी परत येताना वाकडी वाट करून माझ्या दुकानावरून येते. ट्रकांच्या गलक्यातूनही तो घर्रर्र मला ओळखू येतो. मी मोटारीतून डोकं न काढताच विचारतो, "आली काय?"

"हव," ती म्हणते, आणि डब्यात काही उरलं आहे काय ते पाहते.

दुपारी मात्र असा आवाज नसतो. माझ्या बैठकीच्या मागं हातभर जागा मी मोकळी राखली आहे. तिथं कोणी मोटार आणून ठेवली की लगेच उचलायला लावतो. लोक विचारतात, काका, इथं काय अडचण आहे? मी सांगतो, हवा येऊ द्या.